साइट सरळ, तरी ब्राउझर लाल का होतो?

प्रश्न : आमचं तालुक्याच्या गावातलं जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. दोन वर्षांपूर्वी वर्गणी काढून एक साधी वेबसाइट करून घेतली. पुस्तकांची यादी, व्याख्यानमालेचं वेळापत्रक आणि सभासदांचं लॉगिन, एवढंच तिच्यावर आहे. गेल्या महिन्यात सभासदांचे फोन सुरू झाले : साइट उघडायला गेलं की सगळा पडदा लाल होतो आणि ‘धोकादायक साइट’ असं येतं. ज्यांनी ती बनवून दिली ते म्हणतात, “आमच्याकडे तर नीट उघडते.” आम्ही कुणाला फसवलेलं नाही, साइटवर कुणाकडून पैसेही घेत नाही. मग हा शिक्का कोण मारतं, कशावरून मारतं आणि तो काढायचा कसा?
(एका वाचनालयाच्या सचिव, सातारा जिल्हा)

उत्तर : ताई, तुमचे तिन्ही प्रश्न क्रमाने घेऊ.

शिक्का कोण मारतं? तुमच्या फोनमधला ब्राउझर नव्हे; तो फक्त यादी बघतो. क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी हे तिन्ही ब्राउझर गूगलच्या ‘सेफ ब्राउझिंग’ या यंत्रणेचा आधार घेतात. मायक्रोसॉफ्टच्या एजची ‘स्मार्टस्क्रीन’ ही वेगळी यंत्रणा आहे. गूगलच्या म्हणण्यानुसार सेफ ब्राउझिंगचं संरक्षण जगभरात पाचशे कोटींहून अधिक उपकरणांना मिळतं. म्हणजे त्या एका यादीत पत्ता गेला, की सभासदाच्या हातात कुठलाही फोन असो, बहुतेकांना लाल पडदाच दिसणार. साइट बनवणाऱ्यांना ती नीट दिसते यात नवल नाही. ते एज वापरत असतील, किंवा एकदा इशारा ओलांडून पुढे गेले असतील. आणखी एक कारण असू शकतं, ते जास्त गंभीर आहे. त्याकडे पुढे येऊ.

यादी जुळवायची पद्धत अशी. धोकादायक ठरलेल्या प्रत्येक पत्त्याचा गणिती सूत्राने २५६ बिटांचा एक ठसा काढला जातो. लाखो ठसे पूर्णच्या पूर्ण प्रत्येक फोनमध्ये ठेवणं जड जातं, म्हणून प्रत्येक ठशाचे फक्त पहिले ३२ बिट उतरवून ठेवतात. मतदारयादीत आधी आडनाव शोधावं आणि ते सापडलं तरच पूर्ण नाव पडताळावं, तसं हे काम दोन टप्प्यांत होतं. पहिला तुकडा जुळला तरच ब्राउझर सर्व्हरकडे पूर्ण ठसा मागतो. ३२ बिटांत सुमारे ४२९ कोटी वेगवेगळे तुकडे मावतात, त्यामुळे एखाद्या निर्दोष पत्त्याचा पहिला तुकडा योगायोगाने जुळू शकतो. पूर्ण २५६ बिट योगायोगाने जुळणं मात्र व्यवहारात अशक्य आहे. तेव्हा दुसऱ्या कुणाच्या पत्त्याशी साम्य निघालं म्हणून तुमची साइट अडली, असं झालेलं नाही. यादीत खरोखर तुमचाच, किंवा तुमच्या पानाशी जोडलेला एखादा पत्ता आहे. जुळणीत चूक होत नाही, ती यादीतच शिरलेली असते.

आता दुसरा प्रश्न : कशावरून? यादीत भर घालण्याचं काम मुख्यतः यंत्रं करतात. पत्ता कसा आहे, पानावर पासवर्डचा रकाना आहे का, मजकूर कुणाच्या नावाने आहे, पान कुठल्या सर्व्हरवर आहे, अशा शेकडो खुणांवरून एक प्रणाली अंदाज बांधते. गूगलच्या अभियंत्यांनी २०१० साली आपल्या अशा एका प्रणालीवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. ती रोज लाखो पानं तपासत होती आणि निर्दोष पानाला फसवं ठरवण्याचं प्रमाण ०.१ टक्क्याहून कमी होतं. आकडा उत्तमच आहे, पण त्याची दुसरी बाजूही पाहा. हजारात एक या दराने दहा लाख चांगली पानं तपासली, तर एक हजार निर्दोष पानांवर शिक्का बसतो. त्या हजारांत एखादं वाचनालय असतं, एखादा बचत गट असतो, एखाद्या छोट्या प्रकाशकाचं दुकान असतं. यंत्राच्या लेखी ते ०.१ टक्का असतात. ज्याच्यावर शिक्का बसतो त्याचं नुकसान मात्र शंभर टक्के असतं.

माणसाची चूकही होते. ३१ जानेवारी २००९ रोजी, भारतात शनिवारची संध्याकाळ होती तेव्हा, गूगलच्या शोधनिकालांत जवळपास प्रत्येक साइटखाली ‘ही साइट तुमच्या संगणकाला अपाय करू शकते’ असा इशारा दिसू लागला. यादी अद्ययावत करताना कुणाच्या तरी हातून नुसतं एक तिरकं चिन्ह, म्हणजे पत्त्यांत येणारी तिरपी रेघ, नोंद म्हणून गेलं होतं. ती रेघ प्रत्येक पत्त्यात असते, त्यामुळे सगळं वेबविश्वच धोकादायक ठरलं. तासाभराच्या आत चूक दुरुस्त झाली आणि कंपनीच्या तेव्हाच्या उपाध्यक्ष मरिसा मायर यांनी ती जाहीरपणे मान्य केली. सगळ्यांची गैरसोय झाली की दुरुस्ती तासात होते. एकाच वाचनालयाची झाली, तर तेवढी घाई कुणाला नसते.

तुमच्या बाबतीत काय झालं असेल? अशा प्रकरणांत चार कारणं वारंवार दिसतात.

पहिलं कारण ऐकायला कटू आहे, पण सर्वांत आधी तपासायचं तेच : साइटमध्ये खरोखर कुणीतरी घुसलेलं असतं. वर्डप्रेससारख्या प्रणालीवर साइट केली, पैसे दिले, आणि नंतर तिचे प्लगिन अद्ययावत करायला कुणी उरलं नाही, हे आपल्याकडच्या असंख्य संस्थांचं चित्र आहे. त्या जुन्या प्लगिनच्या फटीतून चोर आत येतो. मुखपृष्ठाला तो हात लावत नाही. फोटो साठवायच्या एखाद्या फोल्डरच्या पोटात, आणखी दोन-तीन फोल्डर खाली, कुठल्याशा बँकेच्या लॉगिनसारखं एक पान ठेवतो आणि त्याची लिंक एसएमएसने भलत्याच लोकांना पाठवतो. काही वेळा तर तो असा बंदोबस्त करतो, की पत्ता टाइप करून येणाऱ्याला स्वच्छ पान दिसावं आणि मोबाइलवर गूगलमधून शोधून येणाऱ्यालाच दुसरीकडे वळवावं. मालक पत्ता टाइप करून येतो, म्हणून त्याला काहीच दिसत नाही. मघाशी म्हटलेलं गंभीर कारण हेच. म्हणून मोबाइल डेटावर, गूगलमध्ये वाचनालयाचं नाव शोधून, निकालातून साइट उघडून पाहा.

दुसरं कारण शेजाऱ्याचं. एकाच मूळ पत्त्याखाली अनेकांच्या साइट्स असतील आणि त्यातली एक फसवी निघाली, तर काही वेळा अख्खा मूळ पत्ताच यादीत जातो. तिसरं कारण साम्याचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘इमिच’ या मुक्तस्रोत प्रकल्पावर हीच वेळ आली. स्वतःचे फोटो स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवण्यासाठीचं हे सॉफ्टवेअर आहे. त्याच्या चाचणीसाठी केलेली काही पानं यंत्राला फसवी वाटली आणि त्या मूळ पत्त्याखालच्या बाकीच्या साइट्सनाही लाल पडदा लागला. शेकडो जण आपापल्या पत्त्यावर एकाच सॉफ्टवेअरचं एकसारखं लॉगिन पान चालवतात, तेव्हा यंत्राला ती एकमेकांची नक्कल वाटू शकते. चौथं कारण बाहेरून आणलेल्या वस्तूंचं. भेट देणाऱ्यांची संख्या दाखवणारा फुकटचा काउंटर, जाहिरातीचा तुकडा किंवा हवामानाची पट्टी ज्या पत्त्यावरून येते तो पत्ता बिघडला, तर तुमचं पानही त्याच्याबरोबर अडतं.

तिसरा प्रश्न : शिक्का काढायचा कसा? गूगलच्या ‘ट्रान्सपरन्सी रिपोर्ट’मध्ये साइटची सद्यस्थिती विचारता येते. तिथे पत्ता टाकून तुम्ही खरंच यादीत आहात का ते बघा. मग ‘सर्च कन्सोल’ ही गूगलची विनामूल्य सेवा उघडून साइट आपलीच असल्याचं सिद्ध करा. त्यासाठी त्यांनी दिलेली एक छोटी फाइल साइटवर ठेवावी लागते किंवा डोमेनच्या नोंदींत एक ओळ घालावी लागते. साइट बनवणाऱ्यांना हे दहा मिनिटांचं काम आहे. तिथल्या ‘सिक्युरिटी इश्यूज’ या भागात दोष कोणता धरलाय ते कळतं, आणि काही वेळा नेमक्या पानांचे पत्तेही मिळतात. तो फोल्डर शोधा, नको ते पान काढा, सगळे पासवर्ड बदला, प्लगिन अद्ययावत करा, आणि मगच पुनर्तपासणीचा अर्ज करा. गूगलच्याच सांगण्यानुसार फसव्या पानाच्या प्रकरणात सुमारे एक दिवस लागतो, घातक सॉफ्टवेअरच्या प्रकरणात काही दिवस, आणि स्पॅम घुसवलेल्या साइटला काही आठवडेही लागू शकतात. अर्जात काय सापडलं, काय काढलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, हे तीन-चार वाक्यांत स्पष्ट लिहा.

एक सावधगिरी. अर्ज घाईने करू नका. साफसफाई करून शिक्का काढून घ्यायचा आणि पुन्हा तेच करायचं, असं वारंवार करणाऱ्यांसाठी नोव्हेंबर २०१६ पासून वेगळा नियम आहे. अशा साइटला ३० दिवस पुनर्तपासणी मागताच येत नाही. मुद्दाम फसवणाऱ्यांसाठी तो नियम आहे, हॅक झालेल्यांसाठी नाही, असं गूगल सांगतं. तरीही मूळ दार उघडं ठेवून अर्ज केलात, तर पंधरा दिवसांत पुन्हा त्याच जागी याल.

काहीच सापडलं नाही, तर ‘चुकीचा इशारा’ कळवण्याचा वेगळा अर्ज आहे, तो भरा. लाल पडद्यावरच्या ‘तपशील’मध्ये त्याची लिंक असते. एजच्या इशाऱ्यातही तशी सोय आहे. अँटिव्हायरस कंपन्यांच्या याद्या वेगळ्या असतात; ‘व्हायरसटोटल’वर पत्ता टाकला की सत्तरहून अधिक यंत्रणांचं मत एकाच जागी दिसतं. ज्यांनी साइट धोकादायक ठरवली आहे त्यांनाच लिहा.

आता या व्यवस्थेबद्दल. या याद्या हव्यातच. सेफ ब्राउझिंगची यादी फोनमध्ये दर ३० ते ६० मिनिटांनी ताजी होत असे. पण घातक साइट सरासरी दहा मिनिटंही टिकत नाही असं दिसल्यावर मार्च २०२४ मध्ये गूगलने क्रोममधली तपासणी त्या क्षणीच, थेट ताज्या यादीशी करायला सुरुवात केली. चोर इतका चपळ असेल तर आधी नोटीस पाठवून सात दिवस वाट बघता येणार नाही, हे मान्य. पण आधी नोटीस देता येत नाही म्हणून नंतरही कारण सांगायचं नाही, हे पटण्यासारखं नाही. सर्च कन्सोलमध्ये नोंद नसलेल्या मालकाला आपल्यावरचा आरोप बहुधा आपल्याच वाचकाच्या फोनवरून कळतो. आरोप यंत्र करतं, पुरावा दाखवलाच जाईल याची खात्री नाही, आणि निर्दोष असल्याचं सिद्ध करायचं ते मालकाने. मोठ्या कंपनीकडे त्यासाठी माणसं असतात. तुमच्या वाचनालयाकडे एक सचिव आणि एक अर्धवेळ ग्रंथपाल. ज्या पानावरून शिक्का बसला त्याचा पत्ता आणि दोषाचं एक वाक्य, एवढं प्रत्येक प्रकरणात, मागायची वेळ येऊ न देता दिलं गेलं पाहिजे. पाचशे कोटी उपकरणांचं दार ज्याच्या शब्दावर बंद होतं, त्याच्याकडून ही अपेक्षा जास्त नाही.

याच विषयावर आणखी दोन वाचकांनी विचारलं आहे.

प्रश्न : वडिलांच्या जुन्या लॅपटॉपवर चांगल्या साइट्ससुद्धा ‘तुमचं कनेक्शन खासगी नाही’ असं म्हणतात. वडील न वाचताच ‘तरीही पुढे जा’ दाबतात. हाही यादीचाच प्रकार का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही, हा पूर्ण वेगळा इशारा आहे. इथे कुठल्याही यादीने साइटला वाईट म्हटलेलं नसतं. समोरची साइट तीच आहे याचं प्रमाणपत्र ब्राउझरला पडताळता आलेलं नसतं, एवढंच. प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. लॅपटॉपची आतली बॅटरी संपून घड्याळ काही वर्षं मागे गेलं असेल, तर आजचं प्रमाणपत्र त्याला ‘अजून सुरूच न झालेलं’ वाटतं. म्हणून सर्वांत आधी तारीख आणि वेळ बघा. २०१७ साली क्रोमच्या अभियंत्यांनी अशा इशाऱ्यांची कारणं तपासली, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा दोष साइटचा नसून वापरणाऱ्याच्या यंत्राचा किंवा मधल्या नेटवर्कचा निघाला. हॉटेलचं किंवा स्टेशनचं वायफाय आधी आपलं लॉगिन पान दाखवू बघतं, तेव्हाही हाच इशारा येतो.

घड्याळ बरोबर असेल तर यंत्राच्या वयाकडे बघा. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही ना-नफा सेवा असंख्य छोट्या साइट्सना फुकट प्रमाणपत्रं देते. ती प्रमाणपत्रं ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राच्या आधाराने ओळखली जात, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली. अपडेट बंद झालेल्या अनेक जुन्या यंत्रांवर त्यानंतर चांगल्या साइट्स उघडेनात. जुन्या लॅपटॉपवर अद्ययावत फायरफॉक्स बसत असेल तर तो घाला; त्याच्याकडे मूळ प्रमाणपत्रांची स्वतःची यादी असते.

पण वडिलांची ‘पुढे जा’ दाबायची सवय मोडा. हा इशारा खराही असतो. जुलै २०१४ मध्ये भारताच्याच राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, प्रमाणपत्र शाखेकडून गूगलच्या पत्त्यांची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं उघड झालं. ती रद्द झाली, आणि क्रोमने प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांवरच्या भारतीय नियंत्रकाच्या छत्राखालच्या प्रमाणपत्रांना सरकारी, शैक्षणिक अशा ठरावीक पत्त्यांपुरतीच मान्यता ठेवली. खोट्या ओळखपत्राचा धोका कागदावरचा नाही, हे तेव्हा दिसलं.

सवय कशी लागते, याचाही अभ्यास झाला आहे. देवदत्त आखवे आणि एड्रियन पोर्टर फेल्ट यांनी २०१३ मध्ये अडीच कोटींहून अधिक इशाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. घातक सॉफ्टवेअर आणि फसव्या पानांचे इशारे ओलांडणारे लोक एक चतुर्थांशाहूनही कमी होते. क्रोममधले प्रमाणपत्राचे इशारे मात्र सत्तर टक्के वेळा ओलांडले गेले. इशारा दाखवण्याची पद्धत बदलली की आकडा बदलतो, हेही त्याच पाहणीत दिसलं. फायरफॉक्समध्ये तोच आकडा तेहतीस टक्के होता. पण ज्या इशाऱ्याचा दोष अनेकदा आपल्याच घड्याळात निघतो, त्याला लोक जुमानत नाहीत, हे नैसर्गिक आहे. म्हणून खोटा इशारा ही नुसती गैरसोय नसते. प्रत्येक खोटा इशारा पुढच्या खऱ्या इशाऱ्याचं वजन कमी करून जातो.

वडिलांना एक साधा नियम सांगा. इशारा आलेल्या पानावर पासवर्ड, पिन, ओटीपी, कार्डाचा क्रमांक यांतलं काहीही टाकायचं नाही, मग साइट कितीही ओळखीची असो. रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हे खास पत्ते ठरवून दिले आहेत. बँकेच्या पानावर पत्त्याचा शेवट आधी वाचायची सवय लावा.

प्रश्न : जुन्या फाँटमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारं एक छोटं सॉफ्टवेअर मित्राने लिहिलं. डाउनलोड करणाऱ्या प्रत्येकाला ‘ही फाइल सहसा डाउनलोड केली जात नाही’ असं येतं. यात त्याचं काय चुकलं?
(एक अक्षरजुळणीकार, कोल्हापूर)

उत्तर : त्याचं काही चुकलेलं नाही, त्याला अजून कुणी ओळखत नाही, एवढाच त्याचा दोष. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ९ बरोबर फाइलची पत बघायची पद्धत आणली, आणि विंडोज ८ पासून ती थेट विंडोजमध्ये आली. फाइल किती जणांनी उतरवली आणि तिच्यावर कुणाची डिजिटल सही आहे, यावर पत ठरते. सही नसलेल्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती काढली की फाइलचा ठसा बदलतो आणि पत पुन्हा शून्यापासून सुरू होते. मराठीसाठीचं साधन मुळात मोजकेच लोक उतरवणार, त्यामुळे ते या कसोटीत कायम मागेच राहणार. सही करण्याच्या प्रमाणपत्रासाठी वर्षाला पैसे मोजावे लागतात. फुकट वाटायच्या साधनासाठी ते परवडत नाहीत. मित्राने फाइल मायक्रोसॉफ्टकडे तपासणीसाठी पाठवावी, ती सोय विनामूल्य आहे. आवृत्त्या वरचेवर काढण्याऐवजी सुधारणा साठवून एकदम काढाव्यात. आणि जमेल तर हेच काम ब्राउझरमध्येच करणारं एक पान करावं, म्हणजे काही उतरवून घ्यायची गरजच राहणार नाही. ‘अनोळखी’ आणि ‘घातक’ यांत फरक आहे. तो इशाऱ्याच्या शब्दांत आणखी स्पष्ट व्हायला हवा, ही तुमची तक्रार रास्त आहे.

शेवटी सर्वच वाचकांना विनंती. संस्थेची साइट असेल तर इशारा येण्याची वाट न बघता आजच सर्च कन्सोलमध्ये तिची नोंद करा, आणि वर्षाच्या खर्चात देखभालीची एक ओळ घाला. वाचक म्हणून चांगल्या साइटवर चुकीचा इशारा दिसला, तर नुसतं पुढे जाऊ नका. तो चुकीचा असल्याचं कळवण्याची लिंक तिथेच असते, ती दाबा, आणि साइटच्या मालकाला फोन करा. त्याला ते अजून कळलेलं नसण्याचीच शक्यता जास्त आहे.